बैलाला कायदा, केळीला विमा, माणसाला काय?

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



संक्रांत नुकतीच झाली. सकाळी अजून शेकोटी पेटते, म्हातारी माणसे दहा वाजेपर्यंत घोंगडी सोडत नाहीत, आणि हा माणूस उन्हाळ्याचे काय काढून बसला, असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल. पण मे महिन्यात उन्हाची सभा घेण्यात अर्थ नसतो. तेव्हा सभेला येणाराही उन्हात भाजून येतो आणि सांगणाराही. मे महिन्यात कोणाला किती ऊन खावे लागणार, हे आज जानेवारीत ठरते. ते कसे, हे मी पुढे सांगणार आहे. त्याआधी एक कायदा सांगतो. तुमच्यापैकी फार थोड्यांनी तो ऐकला असेल.

१९६५ साली केंद्र सरकारने ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम केले. त्यात लिहिले आहे की, ज्या भागात तापमान ३७ अंशांच्या वर जाते तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावराला गाडीला जुंपू नये आणि त्याच्यावर ओझे लादू नये. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, आणि सलग पाच तासांहून अधिक काम विश्रांतीशिवाय घेऊ नये. नियम चांगला आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बैलाला बोलता येत नाही, त्याची बाजू कोणीतरी घ्यायलाच हवी.

आता असे समजा की मे महिन्यात दुपारी एक वाजता रस्त्याने बैलगाडी चालली आहे. गाडीला बैल आहे, गाडीवर माणूस आहे, आणि बाजूच्या वावरात चार बाया वाकून धसकटे वेचत आहेत. या सहा जिवांपैकी कायद्याने फक्त बैलाला सावलीचा हक्क दिला आहे. गाडीवानाला नाही, धसकटे वेचणाऱ्या बायांना नाही.

दुसरे उदाहरण जळगावकडचे. तिकडे केळीचा बागाईतदार फळपिकाचा हवामान विमा उतरवतो. त्यात जास्त तापमानाचा धोकाही धरलेला आहे. ठरलेल्या काळात पारा ठरलेल्या आकड्याच्या वर काही दिवस राहिला की भरपाई मिळायला हवी, असा करार आहे. ती मिळताना काय हाल होतात ते सोडा. मुद्दा हा, की ऊन लागून केळी करपते हे विमा कंपनीला पटले आहे. त्याच उन्हात केळीला पाणी देणारा सालदार करपतो, हे मात्र अजून कोणाच्या हिशेबात नाही.

आणि तिसरे. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी केंद्राने आपत्ती निधीचे जे नियम केले, त्यातल्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट आहे, गारपीट आहे, टोळधाडीसारखी कीड आहे. उष्णतेची लाट नाही. राज्यांना हवे असेल तर त्यांनी निधीतला दहा टक्के हिस्सा आपापल्या स्थानिक आपत्तींसाठी वापरावा, एवढी सोय ठेवली. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगण सरकारने २०२५ साली उष्णतेची लाट ही राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली आणि मृताच्या घरच्यांना चार लाखांची मदत ठरवली. नदी एक, ऊन एक, कपाशी एक.

हे सगळे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. सरकारने उन्हाळ्यात घरोघर सरबत वाटावे अशी माझी मागणी नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की ऊन सोसणे हा कष्टकऱ्याचा धर्मच आहे असे जे आपल्याला शिकवले गेले, ते आधी डोक्यातून काढा. "शेतकऱ्याच्या पोराला ऊन कसले लागते?" हे वाक्य आपणच आपल्या पोरांना ऐकवतो. लागते. शेतकऱ्याच्याच पोराला लागते, कारण उन्हात तोच असतो.

शरीराचे गणित समजून घ्या, अवघड नाही. माणूस काम करतो तेव्हा खाल्लेल्या अन्नातल्या ताकदीचा जेमतेम चौथा हिस्सा कामाला लागतो, बाकीची अंगात उष्णता होऊन राहते. म्हणजे कुदळ मारणारा माणूस ही एक पेटलेली चूलच आहे. ही उष्णता बाहेर जायला हवी. हिवाळ्यात अंगाभोवतीची थंड हवा ती घेऊन जाते. पण कातडीची उष्णता साधारण ३५ अंश असते. हवा ४५ अंशांची झाली की गाडी उलटी फिरते, हवाच अंगाला तापवू लागते. मग एकच वाट उरते, घाम. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम जातो, कधी त्याहून जास्त. तो अंगावर वाळतो तेव्हा अंग निवते.

आता आपल्या कोरड्या उन्हाची फसवी गोष्ट. आपल्याकडे हवा इतकी कोरडी, की घाम फुटतो आणि फुटल्याबरोबर उडून जातो. माणसाला वाटते, आपल्याला घाम आलाच नाही, मग पाणी कशाला प्यायचे? संध्याकाळी सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात, ते काय आहेत? तो दिवसभराचा घामच आहे. मुंबईकडे उलटे. तिथे हवाच ओली, घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर सरकारी पुरस्काराचा सोहळा झाला. तापमान चाळिशीच्या आतच होते. १४ माणसे गेली. तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

शिवाय तो आकडा कुठला असतो? हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून वर टांगलेला असतो. २३ मे २०१३ रोजी नागपूरला ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, ते त्या पेटीतले, सावलीतले. उघड्या काळ्या मातीवर अनवाणी पाय ठेवून पाहा म्हणजे तुमच्या वावराचे तापमान कळेल. वाकून काम करणाऱ्या बाईचे तोंड त्या मातीपासून हातभर अंतरावर असते. हवामान खात्याची पेटी तिच्यासाठी बनवलेली नाही.

आता जानेवारीचा संबंध सांगतो.

एप्रिल-मे महिन्यांत कोरडवाहू शेतात कोणती कामे असतात? पऱ्हाटी उपटणे, धसकटे वेचणे, नांगरट, वखरणी, शेणखत पसरणे, धुऱ्याची साफसफाई. यातले कोणते काम मे महिन्यातच व्हायला हवे असे आहे? शेणखत पसरणे आणि पावसाच्या तोंडावरची शेवटची वखरपाळी सोडली, तर एकही नाही. नांगरटीला ऊन हवे हे खरे. ढेकळे तापली पाहिजेत, हुमणीच्या अळ्या आणि बोंडअळीचे कोष वर येऊन उन्हाने आणि पाखरांनी संपले पाहिजेत, हरळी-कुंद्याच्या मुळ्या वाळल्या पाहिजेत. पण यासाठी ऊन मातीला हवे, नांगर धरणाऱ्याला नको. फेब्रुवारीत जमिनीत थोडी ओल असताना नांगरलेले वावर मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने तापते. मे महिन्यात नांगरलेले वावर तीन आठवडेही धड तापत नाही, आणि वर ढेकूळ दगडासारखे निघते, बैलाचे खांदे जातात, ट्रॅक्टरचे डिझेल जास्त जळते. एकच काम आपण उशिरा करतो, महाग करतो आणि उन्हात करतो.

मग ते उशिरा का होते? फरदडीमुळे. हे तोंडावर बोलले पाहिजे. डिसेंबरात वेचे संपले तरी पऱ्हाटी उभी ठेवायची, एखादे पाणी मिळाले तर दोन-चार बोंडे आणखी येतील, भाव थोडा चढला तर घरातला कापूसही तेव्हाच काढू. कोरडवाहूत तर पाणीही नाही, नुसतीच आशा उभी असते. माणूस असे का करतो ते मला कळते. खरिपात दुकानदाराचे देणे फिटलेले नसते, दोन मण कापूसही सोडवत नाही. पण या फरदडीत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच बोंडात शिरते, हे कृषी विद्यापीठे कधीची सांगत आहेत. तिचे दुसरे नुकसान मात्र कोणी सांगत नाही. फरदडीची पऱ्हाटी उपटण्याचे काम एप्रिलात जाते. एप्रिलात माती आवळलेली असते, चिमटा लावूनही झाड निघत नाही, एका झाडाला तीन हिसके द्यावे लागतात. जानेवारीत जे काम सकाळच्या उन्हात ऊब घेत झाले असते, ते मग दुपारच्या झळांत होते. फरदडीच्या हिशेबात हेही लिहा.

ज्वारीवाल्यांचे थोडे वेगळे आहे. खरीप ज्वारीचे वावर दिवाळीनंतर मोकळे होते, तिथे सबब नाही. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चात निघते. काढणी, मोडणी, कडबा बांधणे हे सगळे होळीच्या आसपास येते आणि ते टाळता येत नाही. तिथे मग वेळ बदलावी लागते. पहाटेच्या गारव्यात कडब्याची पाने तुटत नाहीत, पेंढी नीट बांधली जाते, हे जुन्या माणसांना ठाऊक होते. ते काही सूर्यनमस्कारासाठी पहाटे वावरात जात नव्हते.

आता सगळ्यात अवघड मुद्द्याकडे येतो. आपल्यात जमीनवाले आहेत आणि मजुरीला जाणारेही आहेत. बहुतेक जण तर दोन्ही आहेत. उन्हाळ्यात मजुरीची वेळ कोणती? आमच्याकडे अजून सकाळी नऊ-दहा ते पाच चालते. बाईने घरचा स्वयंपाक करायचा, पाणी भरायचे, लेकरांचे पाहायचे, आणि बरोबर ऊन चढायच्या वेळी वावरात पोचायचे. याहून उलटी वेळ शोधूनही सापडणार नाही. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम घेण्यास बंदी आहे. तिथे राबणारे आपल्याच देशातले लाखो लोक या बंदीच्या आडोशाला उभे राहतात. तेलाच्या विहिरींच्या देशाला हे जमते, तर आपल्या गावाला का जमू नये?

माझी सूचना अशी. १५ मार्च ते मृग निघेपर्यंत शेतातले काम पहाटे साडेपाच ते साडेदहा, आणि अकरा ते चार काम बंद. या पाच तासांची हजेरी पूर्ण दिवसाची. उरलेले काम असलेच, तर संध्याकाळी पाचनंतर गुत्त्याने, ज्याची इच्छा असेल त्याने करावे.

लगेच मागच्या बाजूने कुजबुज सुरू झाली आहे. "पाच तासांची पूर्ण मजुरी? आम्ही कुठून आणायची?" प्रश्न बरोबर आहे, तो विचारलाच पाहिजे. उत्तरही बांधावर उभे राहून मोजता येते. एका बाईच्या ओळी सकाळी सहा ते सात किती झाल्या आणि दुपारी दोन ते तीन किती झाल्या, दोन दिवस मोजा. दुपारी हात चालत नाही, तासातली वीस मिनिटे पाणी आणि सावली शोधण्यात जातात, आणि दुसऱ्या दिवशी चारपैकी एक बाई डोके दुखते म्हणून येत नाही. जे दुपारचे तास वाचवले असे वाटते, त्यांत मुळात फारसे काम होतच नव्हते. तरीही थोडा तोटा राहील. तो कोणी सोसायचा? खरे म्हणजे तो कापसाच्या आणि ज्वारीच्या भावातून निघायला हवा. कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढताना घरच्या आणि बाहेरच्या मजुरीचे तास धरतो, पण उन्हातल्या तासाचा वेगळा भाव त्याच्या वहीत नाही. ते भांडण आपण वर भांडू. तोवर आपल्या तोट्यासाठी गावातल्या बाईचे प्रेत पाडायचे नाही, एवढे तरी आपल्या हातात आहे. आणि हे एकट्याने होणार नाही. एकाने वेळ बदलली तर बाया जुन्या वेळेला दुसऱ्याकडे जातील. सगळ्या गावाने एकदम बदलली तरच बदलते.

बाहेरगावाहून आलेल्यांकडे लक्ष ठेवा. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते पंधरवडा लागतो. पुण्याच्या कंपनीतून सुट्टीवर आलेला तरणाबांड पोरगा पहिल्याच दिवशी बापाला दाखवायला म्हणून दिवसभर कुदळ मारतो आणि संध्याकाळी आडवा होतो. पहिले तीन-चार दिवस त्याला अर्धेच काम द्या. लाज वाटायचे कारण नाही.

पाणी तहान लागायची वाट न बघता, पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यायचे. बाया पाणी कमी पितात, आणि का पितात ते सगळ्यांना माहीत आहे पण सभेत कोणी बोलत नाही: वावरात आडोसा नसतो, लघवीला जायची पंचाईत असते. चार तुराट्यांचा ताटवा उभा करायला अर्धा तास लागतो. ज्याच्या वावरात तो नाही, त्याच्याकडे कामाला जायचे नाही, असे बायांनी ठरवले तर मी त्यांच्या बाजूने आहे. नुसत्या पाण्याने भागत नाही, घामातून मीठही जाते. आपली ज्वारीची आंबील, मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, ही सगळी कामाची. घरी करायचे तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त टाकू नका. कांदा भाकरीसोबत जरूर खा. खिशात ठेवून ऊन लागायचे थांबत नाही. आणि अंग दुखते म्हणून दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, तीही उपाशीपोटी आणि उन्हात सुकलेल्या अंगाने, रोज घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडावर ती गोळी घाव घालते. दारूबद्दल बायाच जास्त चांगले सांगतील.

आता जीव वाचवायची गोष्ट, हे नीट ऐका. पायात गोळे येणे, डोके गरगरणे, मळमळ, उलटी, हे पहिले इशारे. काम तिथेच थांबवायचे, सावलीत पडायचे, पाणी-मीठ-साखर घ्यायची. पण माणूस असंबद्ध बरळू लागला, चाल अडखळू लागली, ओळख विसरला, झटका आला, तर तो उष्माघात समजा. अंगाची उष्णता ४० अंशांच्या वर गेलेली असते. "घाम येतो आहे, म्हणजे उष्माघात नाही" असे समजू नका. कष्टाचे काम करताना उष्माघात झालेल्याला घाम येतच असतो. आपण काय करतो? गाडी शोधतो, तालुक्याला फोन करतो, सलाईनसाठी डॉक्टर शोधतो, आणि या धावपळीत तास जातो. तो तासच जीव घेतो. आधी अंग थंड करा, मग हलवा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, असेल नसेल ते पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओता, मानेला, काखेत, जांघेत ओले फडके ठेवा, आणि सुपाने, टोपल्याने, मिळेल त्याने जोराने वारा घाला. फवारणीच्या पंपाने मात्र पाणी मारू नका, त्यात विषाचा अंश असतो. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी या तापावर चालत नाही. १०८ ला फोन एकाने करायचा, बाकीच्यांनी वारा घालणे थांबवायचे नाही. गाडीत बसवल्यावरही फडकी ओली ठेवायची.

आणि दुर्दैवाने माणूस गेलाच, तर डॉक्टरला आणि पंचनामा करणाऱ्याला सांगा, की तो किती वाजता, कुठे, कोणते काम करताना पडला आणि अंग किती तापले होते. शवविच्छेदनात उन्हाची खूण अशी वेगळी दिसत नाही. तुम्ही सांगितले नाही तर कागदावर हृदयविकार लिहिला जातो, आणि मग सरकार म्हणायला मोकळे, की या जिल्ह्यात उन्हाने कोणी मरत नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसे दगावली, हे नंतर मृत्यूंच्या नोंदी मोजल्या तेव्हा उघड झाले. त्यातून २०१३ साली त्या शहराने उन्हाचा आराखडा केला. शहरात नोंदी होत्या म्हणून मोजता तरी आले. आपल्या वावरात पडलेल्याची नोंद आपणच करायची आहे.

पेरणीचे दोन शब्द बोलून थांबतो. मेअखेरीस एखादा वळवाचा सडाका येतो आणि काही जण कपाशी टोबायला धावतात. खाली माती तापलेली असते, कोंब मातीतच करपतो, पाकिटाचे पैसे जातात, आणि टोबणाऱ्या बाया त्या उन्हात पुन्हा राबतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका. दुबार पेरणीत बियाणेही दोनदा जाते आणि ऊनही दोनदा खावे लागते.

२६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आली आहे. कामाच्या वेळेचा ठराव तिथे आणायचा असेल तर विषय या दोन दिवसांत ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि पोच घ्या. ठरावात वेळ लिहा, हजेरी लिहा, आणि रोजगार हमीच्या कामांनाही हीच वेळ लागू करावी असे तहसीलदारांना कळवण्याचे लिहा. सभेला बाया आल्या पाहिजेत. मागच्या वेळेसारखी दुपारी एकची वेळ ठेवू नका, त्या तेव्हा वेचणीला असतात.